जनीचे पाय

कोपरखारची जनी बांधावर चालत असते तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही. तिचा नवरा शिवदाससुद्धा दहा पावलं मागे राहतो, आणि त्यातच त्याचं शहाणपण आहे. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, नजर समोर, पाय अनवाणी. चप्पल घालून बांध बघायला येणाऱ्याला जनी माणसातच धरत नाही. गावाचं आणि धरमतरच्या खाडीचं भांडण जुनं आहे. मध्ये मातीचा लांबच्या लांब बांध, त्याला गावात बाहेरकाठा म्हणतात. बाहेर खारं पाणी, आत भाताची खाचरं. उधाण आलं की खाडी बांधाला टेकते आणि चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या बिळांतून गुपचूप आत शिरायला बघते. वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, पण तळव्याला कळतं. एखाद्या जागी माती किंचित दबते, किंचित गार लागते. जनी थांबते आणि म्हणते, "हितं."

हे काम तिच्या बापाचं, धर्माजीचं. त्याला मुलगा नव्हता. होती ती ही एकच लेक, गावातल्या गावातच दिलेली. धर्माजी गेला तशी जनीने बांधाची फेरी परस्पर सुरू केली, कुणाला विचारलंही नाही. गावातल्या चार मिशाळांनी नाकं मुरडली. बाईमाणसाने बांध राखायचा म्हणजे काय, वगैरे. मग आषाढातल्या एका उधाणाला तिने "हितं" म्हणून दाखवलेली जागा त्यांनी हसण्यावारी नेली, आणि दुपारच्या भरतीला नेमकी तिथेच खांड गेली, म्हणजे बांध फुटला. वीस एकरांत खारं पाणी बसलं. तीन वर्षं तिथे गवताची काडी धड उगवली नाही. तेव्हापासून मिशा खाली आहेत.

संशयाची जागा सापडली की पुढचं काम तुसाचं. भात कांडल्यावर उरलेलं मूठभर तूस बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात सोडायचं आणि आतल्या अंगाला डोळे लावून बसायचं. बीळ असेल तर तूस त्यातून वाहत येतं, आणि जिथे ते वर येतं तिथेच बिळाचं तोंड. तेवढंच खणायचं, तेवढंच चिखलाने ठासायचं. बाकीच्या बांधाला कुदळ लावायची नाही, कारण उगाच खणलेला बांध पुन्हा कधी पहिल्यासारखा बसत नाही. हे जनीचं शास्त्र, आणि ते तिच्या दोन पायांवर उभं आहे.

तर अशा ह्या जनीने स्वतःच्या अंगातली गळती मात्र आठ महिने अंगावर काढली. वय शेहेचाळीस. पाळी जायला आलेली, त्यामुळे अधूनमधून डाग दिसला तर तिला त्यात विशेष वाटलं नाही. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसायला लागलं तेव्हाही तिने शिवदासला सांगितलं नाही, कंबर दुखते म्हणाली. शिवदास पेणजवळच्या कारखान्यात पाळीवर जाणारा सरळ माणूस. त्याने कंबरेसाठी तेल आणून दिलं.

पकडलं ते उपकेंद्रातल्या कल्पिता सिस्टरने. तिशी ओलांडलेल्या सगळ्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी होणार म्हणून तिने घरोघर सांगून ठेवलं होतं. जनी गेली नाही. म्हणून सिस्टरच बांधावर आली, चपला हातात घेऊन.

"जनीताई, सगळा गाव येऊन गेला. तुम्हीच राहिलात."

"मना काय झाला नाय."

"मग दोन मिनिटांत सुटाल. चला."

दोन मिनिटांत सुटली नाही. सिस्टरने गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावलं, थोडा वेळ बघितलं, आणि तिची बडबड थांबली. तिथे पांढरा चट्टा उठला होता. अलिबागला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. लहान होता, दीड सेंटिमीटरचा, पहिल्या टप्प्यातला, पण होता. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

घरात रडारड झाली नाही असं नाही. लेक रुचिका वाशीला एका ऑफिसात नोकरीला होती, ती रजा टाकून आली आणि पहिल्या दिवशी नुसती मोबाइलमध्ये वाचत आणि डोळे पुसत बसली. शिवदासने दाढी करणं सोडलं. जनी मात्र वेगळ्याच गोष्टीला घाबरली होती, आणि ती गोष्ट ओटीवर बसून लसूण सोलत होती.

ती म्हणजे तिची आई, रंगू. धर्माजीच्या मागे ती लेकीकडेच राहायला आली होती. रंगूचा डावा पाय हत्तीरोगाने सुजलेला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एकसारखा जाड. बावीस वर्षं झाली. एके काळी भातलावणीला पाच बायकांच्या बरोबरीने वाकणारी ही बाई, पण पाय जड झाला तशी ती आधी शेतातून उठली, मग बाजारातून, मग लग्नकार्यातून, आणि शेवटी ओटीवर येऊन बसली ती बसलीच. लुगड्याचा घोळ पायावर ओढून घ्यायची तिची सवय आता इतकी जुनी झाली होती की ती झोपेतही हात तिकडेच न्यायची. रुचिकाने मोबाइलमध्ये वाचून सांगितलं होतं की ह्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या गाठी काढतात आणि मग काही बायकांचे पाय सुजतात, कायमचे. तेवढं एक वाक्य जनीच्या डोक्यात बसलं. मरणाचं तिला तितकं वाटलं नाही. ओटीचं वाटलं.

मांडव्याहून पावसाळ्यातही चालणाऱ्या रो-रो बोटीने ती मुंबईला गेली, शिवदास आणि रुचिकाच्या मध्ये बसून. इस्पितळात तीन तास थांबल्यावर आत बोलावणं आलं. डॉक्टर बाई होत्या, तेजस्वी सावे नावाच्या, चाळिशीच्या, बोलायला घाईच्या. त्यांनी कागद बघितले, तपासलं, आणि गर्भाशय काढायला लागेल म्हणून सांगितलं. जनीने मान हलवली.

"त्याचा मना काय नाय. माजं पाय सांगा."

डॉक्टर थांबल्या. "पाय?"

रुचिकाने सांगितलं. बांध सांगितला, आजीचा पाय सांगितला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला दोन रेघा काढल्या.

"हे बघा. अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा पाण्याच्याही बारीक नळ्या असतात. त्यांच्या वाटेवर गाठी असतात. तुमच्या आईच्या त्याच नळ्या जंतूंनी बिघडवल्या. कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडातून बाहेर पडला तर ह्याच वाटेने जातो, आणि आधी पहिल्या गाठीत थांबतो. तिला आम्ही पहारेकरी गाठ म्हणतो. पूर्वी कुठे गेलाय कळायचं नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या वीस-पंचवीस गाठी सरसकट काढायचो. पाणी वर चढायला वाट राहायची नाही, मग पाय सुजायचे. आता आम्ही आधी गर्भाशयाच्या तोंडात निळा रंग सोडतो, आणि तो कुठे—"

"वर कुठं निंगतो ते बघतात," जनी म्हणाली.

"हो."

"आनि तवढीच गाठ काढतात."

"तेवढीच काढतो, लगेच तपासतो. ती साफ असेल तर बाकीच्यांना हात लावत नाही."

जनी शिवदासकडे वळली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "ही तुसाची रीत हाय," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना तूस म्हणजे काय आणि चिंबोऱ्या बिळं कशी वाकडीतिकडी नेतात ते समजावून सांगायला लागली. बाहेर पेशंटांची रांग होती आणि डॉक्टरांना खरं तर वेळ नव्हता. तरी त्या ऐकत राहिल्या. सांगता सांगता जनीच्या कपाळावर आठी पडली.

"पन मॅडम, तूस कवा कवा आत अडकतो. भाईर येत नाय. मानूस समजतो बील नाय, आनि बील तं असतो. मंग?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्यांना विद्यार्थी विचारायचे, तोही सगळे नाही.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "कधी कधी एका बाजूला रंग दिसत नाही. तेव्हा आम्ही ती बाजू साफ आहे असं धरत नाही. त्या बाजूच्या सगळ्या गाठी काढतो. आणि पहारेकरी गाठीतच रोग सापडला तर उपचारच बदलतो, किरणं द्यावी लागतात. हे मी आधीच सांगून ठेवते."

"म्हंजी येक पाय जायाचा."

"सुजू शकतो. सुजेलच असं नाही."

"आमी येकदा अडकला तं दुसऱ्यांदा सोडतो. येकाच खेपेला कुदल मारत नाय."

"आम्हीसुद्धा," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्यांदा रंग सोडल्याशिवाय मी ठरवणार नाही. शब्द देते."

परतीच्या बोटीत शिवदास म्हणाला की बाई हुशार दिसते. जनी म्हणाली, "ऐकते," आणि तिच्या लेखी ही हुशारीपेक्षा मोठी गोष्ट होती. आईला त्यांनी एवढंच सांगितलं की पिशवीला गाठ आलीय, ती काढायची. रंगूने पुढे काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिने लसूण सोलताना लेकीच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

ऑपरेशन मंगळवारी झालं. पोट उघडूनच केलं, साडेचार तास चाललं. बाहेर शिवदास आणि रुचिका एका बाकावर बसून होते. दुपारी एक शिकाऊ डॉक्टर आला, "नीट झालं, मॅडम उद्या बोलतील," म्हणाला आणि निघून गेला. कुठलं नीट आणि किती नीट, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

बुधवारी सकाळी जनीला नीट जाग आली. पोटात दुखत होतं, घसा कोरडा होता. तिने पहिल्यांदा पायाची बोटं हलवून बघितली, दोन्ही पायांची. हलली. मग तिची नजर खाटेच्या कडेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीवर गेली. पिशवीतलं पाणी हिरवं होतं. साधं पिवळट हिरवं नाही, पिवळ्यात निळं मिसळल्यासारखं, तळ्यातल्या शेवाळासारखं गर्द.

दुसरी एखादी बाई नर्सला हाक मारून मोकळी झाली असती. पण जनीने जन्मभर बांध बघितलेला. आत सोडलेला रंग भलत्याच जागेतून बाहेर आला की त्याचा अर्थ एकच, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणी पार झालं होतं. कुठेतरी मोठं बीळ होतं, आणि रोग त्यातून सगळीकडे गेला होता. शिकाऊ डॉक्टर खोटं बोलला होता, माणसाला धीर द्यायला बोलतात तसं. तिने तोंड भिंतीकडे केलं.

दहाला शिवदास आत आला. जनीने डोळ्यांनी पिशवी दाखवली. तोही कोपरखारचाच. त्याने बघितलं आणि स्टूल खाटेजवळ ओढलं. बायकोचा हात हातात धरायची त्याला कधी सवय नव्हती, पण त्याने तो धरला. आयाबाईने आणलेली पेज तशीच राहिली. रुचिका चहा घेऊन आली तेव्हा आईबाप असे बसलेले की जणू कुणी गेलंय.

"काय झालं? बाबा?"

"तूस भाईर आला," शिवदास म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

रुचिका धावत जाऊन डॉक्टरांना घेऊनच आली. डॉ. सावे आल्या, त्यांनी पिशवीकडे बघितलं, नवराबायकोच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"जनीताई, तो रंग काम झाल्यावर रक्तात मिसळतो. मूत्रपिंडं त्याला गाळून बाहेर टाकतात. प्रत्येकीला असंच हिरवं होतं. उद्या-परवा साधं होईल. हे मी आधी सांगायला हवं होतं, घाईत राहिलं. चूक माझी आहे."

जनीने मान वळवली. "मंग खांड नाय गेली?"

"नाही गेली. आता ऐका. उजव्या बाजूला रंग लगेच गेला, गाठ सापडली. डाव्या बाजूला काही दिसेना. पंधरा मिनिटं वाट बघितली. माझा हाताखालचा डॉक्टर म्हणाला, मॅडम, वेळ जातोय, ह्या बाजूच्या सगळ्या काढू या. मी म्हटलं, शब्द दिलाय. पुन्हा रंग सोडला. तरी नेहमीच्या जागी काही नाही. मग मला तुमच्या चिंबोऱ्या आठवल्या, आणि मी नेहमीच्या जागेपेक्षा वर, पाठीच्या कण्याजवळ बघितलं. तिथे दोरा होता, बारीक, निळा. त्याच्या टोकाला दोन गाठी होत्या. तीन गाठी काढल्या, तिन्ही तिथल्या तिथे तपासल्या. तिन्ही साफ. बाकीच्या सगळ्या गाठी जागच्या जागी आहेत. गर्भाशय काढलंय."

जनीच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं ते तिने पुसलं नाही. मग म्हणाली, "ती पेज द्या. थंड झाली असंल, पन द्या."

एवढ्यावर संपलं नाही. त्या तीन गाठींचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप करून पुन्हा तपासायचे होते, आणि त्याला बारा दिवस लागणार होते. पहिले पाच दिवस इस्पितळात गेले, बाकीचे जनीने घरी काढले, लघवीची नळी आणि पिशवी मांडीला बांधून, चिडचिड करत. गावातल्या बायका भेटायला यायच्या आणि जी ती कुणाच्या तरी मेलेल्या मावशीची गोष्ट सांगायची. शेवटी रुचिकाने दारात खुर्ची टाकली आणि मावशीवाल्यांना बाहेरच्या बाहेर चहा पाजून वाटेला लावलं. बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठी साफ, काढलेल्या भागाच्या कडा साफ. किरणं नकोत. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. दोन महिने जड उचलायचं नाही. पाय सुजण्याची शक्यता अगदी थोडी, पण नाहीच असं मी म्हणणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. जनीला ते आवडलं. 'काही होत नाही' म्हणणाऱ्याचा तिला बांधावरही राग यायचा.

दोन महिने तिने कसे काढले ते शिवदासला विचारावं. सुट्टीच्या दिवशी तो बांधाची फेरी मारून यायचा आणि ती ओटीवरून त्याची उलटतपासणी घ्यायची. कुठे थांबलास? माती कशी लागली? चप्पल काढली होतीस का? बिचारा चप्पल काढून जायला लागला. बाकीचे दिवस गावातले दोघे पाळीपाळीने जायचे, आणि त्यांचीही सुटका नव्हती.

भाद्रपदातल्या अमावास्येला मोठं उधाण होतं. दोन महिने होऊन वर आठ दिवस गेले होते. त्या सकाळी जनी स्वतः गेली. हळू चालली, मध्ये दोनदा बसली. उघाडीच्या पलीकडे, म्हणजे जिथे बांधाला पाण्याचं दार आहे त्याच्या पुढे, तिच्या डाव्या टाचेखाली माती दबली. तिने "हितं" म्हटलं आणि मागच्या चार माणसांनी कुदळी खाली ठेवल्या. तूस सोडल्यावर बीळ निघालंच. जनी इतकी खूश झाली की तिने चक्क सगळ्यांशी गप्पा मारल्या. माणसं बावरली.

घरी आली तेव्हा रंगू ओटीवरच होती. "हिकडं बस," ती म्हणाली. "पाय लांब कर."

जनीने पाय लांब केले. चिखल वाळलेला होता. म्हातारीने उजव्या नडगीवर अंगठा टेकवला आणि दाबून धरला, मनातल्या मनात काहीतरी मोजत. उचलला. कातडी लगेच वर आली. मग डावी नडगी. तिथे जास्त वेळ दाबला. उचलला. खड्डा राहिला नाही. रंगूने वाकून, डोळे बारीक करून पुन्हा बघितलं.

"मना सगला म्हायीत हाय," ती म्हणाली. "कॅन्सर व्हता तो बी. रुचिका फोनवर मोठ्यानी बोलते." आणि बावीस वर्षांत स्वतःच्या पायासाठी जी बाई कधी कुणासमोर रडली नव्हती ती लेकीचे चिखलाचे पाय धरून मोठ्याने रडली.

जनीने तिला रडू दिलं. मग उठून आत गेली. चुलीवरचं कोमट पाणी टोपात ओतलं, साबण घेतला, जुनं मऊ लुगडं फाडून पट्ट्या केल्या. इस्पितळातून निघताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या बायकांना दाखवलं होतं, पाय कदाचित सुजलाच तर काय करायचं ते. रोज धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना मलम लावायचं, पाय उशीवर ठेवायचा. हत्तीपायालाही हेच, असंही त्या म्हणाल्या होत्या. पट्टी मात्र आधी डॉक्टरला दाखवून. सोमवारी आईला उपकेंद्रात न्यायचं जनीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती टोप घेऊन ओटीवर आली आणि आईसमोर खाली बसली.

"आये, पाय दे."

रंगूने लुगड्याचा घोळ घट्ट ओढून घेतला. "कं करतंस? नको. घान वाटंल तुना."

"वाटत व्हती," जनी म्हणाली. "भ्या वाटत व्हता. म्हनून कवाच हात लावला नाय मी. आता नाय वाटत. दे."

म्हातारी हलली नाही. जनीने वाट बघितली. मग तिनेच लुगडं बाजूला केलं, दोन्ही हातांनी तो जड पाय उचलला आणि पाण्यात ठेवला.

"हलू गो," रंगू म्हणाली. "बावीस वर्सं त्याला कोनाचा हात लागला नाय."